रविवारची सावड

दुधाला रविवार नसतो. गाय काही कॅलेंडर बघून पान्हा सोडत नाही. नेवाशाच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून एक दूध शीतकरण केंद्र आहे, तिथल्या लॅबमध्ये मी काम करते. गावोगावचं दूध सकाळ-संध्याकाळ कॅनमधून येतं. आम्ही नमुना काढतो, फॅट बघतो, पाणी, साखर, युरिया घातलाय का ते तपासतो. दूध चांगलं असेल तर आत घेतो, नसेल तर परत पाठवतो आणि शिव्या खातो. लॅबमध्ये आम्ही दोघीच. एक मी आणि दुसरी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी बाई, जिला मी ताई म्हणते. एक रविवार तिच्या सुट्टीचा, पुढचा माझा. लग्न, बारसं, दहावा, जे काय असेल ते त्या एकाआड एक रविवारात बसवायचं.

आम्ही दोघीही बी.एस्सी. ताई वीसेक वर्षांपूर्वीची, मी अलीकडची. एकदा पुण्याहून तपासणीला एक पोरगेलासा साहेब आला. नुकत्याच धुतलेल्या काचेच्या नळ्या त्यानं आम्हा दोघींना पुन्हा धुवायला लावल्या. ताईनं निमूट धुतल्या, मी मात्र आतल्या आत उकळत होते. त्याला विचारलं, तुमचं शिक्षण काय? म्हणाला, एम.एस्सी. त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की आपणही एम.एस्सी. व्हायचं. कारण फार उदात्त नव्हतं. मला नुसता राग आला होता.

नगरच्या एका कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी फूड टेक्नॉलॉजीचं एम.एस्सी. निघालं होतं. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, कंडक्टरच्या तोंडात नगरच. वर्ग फक्त रविवारी, पण दर रविवारी, दोन वर्षं. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देत नाहीत.

बँकेत गेले तर तिथले साहेब म्हणाले, रविवारच्या कोर्सला शैक्षणिक कर्ज बसत नाही. नवऱ्याचा पिकअप टेम्पो, त्याचे हप्ते चालू. राहिला माझा पगार. दर सहा महिन्यांची फी त्यातून ओढूनताणून निघत होती. पण केंद्राचे मॅनेजर म्हणाले, "तुमच्या पाळीच्या रविवारी बदली माणूस तुम्हीच आणायचा, त्याचे पैसेही तुम्हीच द्यायचे." असा माणूस घोडेगावला एक होता, पण त्याचा दर ऐकून मी फोन ठेवला. फी भरली तर बदलीला पैसे उरत नव्हते आणि बदली ठेवला तर फीला. इकडं आड, तिकडं विहीर. आठवडाभर माझी चिडचिड चालली होती, आणि ती केंद्रावर दूध घेऊन येणाऱ्यांनी सोसली.

शेवटी ताईच म्हणाली, "तुझे रविवार मी काढते."

"आणि त्याच्या बदल्यात?" मी विचारलं. "आठवड्यात तुमच्या संध्याकाळच्या पाळ्या करू का मी?"

"पाळ्या घेऊन काय करू मी? मला कांद्याला माणूस पाहिजे. लागवडीला बाई मिळत नाही आमच्याकडं. सावड करू."

सावड आमच्या भागात अजून चालते. तुझ्या शेतात मी एक दिवस, माझ्या शेतात तू एक दिवस. माणसामागं माणूस, दिवसामागं दिवस, पैशाचं नाव काढायचं नाही. ज्याचं काम निघेल त्यानं आदल्या दिवशी सांगायचं आणि दुसऱ्यानं यायचं. स्वतःला जमत नसेल तर घरातलं माणूस पाठवायचं. यात लिहायचं काही नसतं, सगळा शब्दाचा व्यवहार. ताईनं तो शेतातून उचलून लॅबमध्ये आणला होता. मी लगेच हो म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई चुलीवर भाकरी टाकत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांनी भाकरी उलटली आणि विचारलं, "आन तू कवा जाणार कांदं लावाया? रविवारी तू नगरला. बाकीचं दिस तू दुधावर."

याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण ते आत्यांच्या तोंडूनच निघावं असं मला वाटत होतं.

"म्हंजी जीभ तुझी आन कंबर माझी व्हय?"

आत्यांना माझ्या शिक्षणाचं काही पडलेलं नव्हतं. आहे ती नोकरी काय वाईट आहे, हे त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण घरातल्या सुनेनं सावडीला हो म्हटलंय आणि घरानं ती बुडवली, हे त्यांना परवडणारं नव्हतं. त्या गेल्या. पहिल्या वर्षी ताईच्या शेतात लागवडीचे जेवढे दिवस निघाले तेवढे गेल्या. ओल्या वाफ्यात दिवसभर उकिडवं बसून रोपं दाबायची, म्हणजे तरण्या बायकांच्याही गुडघ्यांची वाट लागते. संध्याकाळी घरी आल्या की बरोबर मला दिसेल अशा जागी बसून पाय चोळायच्या. मी पुस्तक उघडलं की जास्त जोरात चोळायच्या. मला अपराधी वाटायचं आणि त्याचाच रागही यायचा.

सोमवारी लॅबमध्ये ताई विचारायची, "काल काय शिकवलं?" मी थकलेली असायचे. एकदोन वाक्यांत उरकायचे. ती पुन्हा विचारायची, मग ते जंतू कुठल्या तापमानाला मरतात, मग चीजमध्ये का मरत नाहीत. वेळ जात नाही म्हणून विचारते, असं मला वाटायचं.

पहिलं वर्ष असं पार पडलं. दुसऱ्या वर्षी वर्गातल्या एका मैत्रिणीनं सांगितलं की ती काम करते त्या रांजणगावच्या चीजच्या कारखान्यात पावसाळ्यात एक जागा निघणार आहे. पगार माझ्या दुपटीहून जास्त. "एम.एस्सी.चा निकाल हातात आला की तू ये, मी साहेबांच्या कानावर घातलंय," ती म्हणाली. नवऱ्याला सांगितलं तर तो खूश. तिकडं टेम्पोलाही रोज भाडं मिळेल म्हणाला. आम्ही दोघं मोबाईलवर तिथली भाड्याची घरं बघायला लागलो. आत्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ताईला तर नाहीच.

जानेवारीत तिसऱ्या सत्राची प्रात्यक्षिक परीक्षा मंगळवारी आली. मी रजा टाकली. दोन्ही पाळ्या ताई करणार होती. सोमवारी संध्याकाळी घरी पोचते न पोचते तोच तिचा फोन आला. "उद्या आमची लागवड निघाली. या आठवड्यात मोटारीला दिवसाची लाईट आहे, रोप उपटून ठेवलंय. आत्याबाईंना सकाळी पाठव."

आत्या चार दिवस अंथरुणाला होत्या. चिकनगुनिया झालेला, हाताची मूठ वळत नव्हती. नवरा कांदा घेऊन सुरतेला. घरात तिसरं माणूस मीच. उपटलेलं रोप दोन दिवस ठेवता येत नाही, हे मला कळत होतं. उद्या ताई स्वतःच्याच शेतात नसणार, कारण ती माझ्या जागी लॅबमध्ये उभी राहणार, हेही कळत होतं. आणि परीक्षा चुकली की ती पुढच्या वर्षी, म्हणजे रांजणगाव हातचं गेलं.

तेव्हा मी ताईला एवढंच सांगायला हवं होतं की आत्या आजारी आहेत, दिवस बाकी ठेवा. पण ती म्हणाली असती, मग मी रानात जाते, लॅबवर तू ये. म्हणून मी म्हणाले, "पाठवते."

मग वस्तीवर गेले. तिथली एक बाई रोजानं कामाला जायची. तिला मी चालू दरापेक्षा जास्त रोज कबूल केला, पैसे आधीच हातात दिले आणि वर सांगितलं, "कुणी विचारलं तर आमच्याच घरातली आहे म्हणा."

ती हसली. "मला समदी वळखत्यात की बाई."

"कशाला कोण विचारतंय," मी म्हणाले.

परीक्षा चांगली झाली. परत येताना एसटीत मी खिडकीला डोकं टेकून झोपले. फाट्यावर उतरले तर तीच बाई समोरून येताना दिसली, हसत हसत. काय झालं ते तिनंच सांगितलं. शेतात ताईची जाऊ होती. तिनं हिला ओळखलं, चहा दिला, वाफा दिला. संध्याकाळी सगळ्या बायका उठल्यावर हिच्या हातावर दिवसाची मजुरी ठेवली. "मी म्हनलं, मला मिळाल्यात पैसं. तर म्हनती, त्यांचं त्यांच्याकडं, आमच्या रानात रोजाची बाई आली तर रोज आमी देतो. मग मी काय न्हाई म्हनू? दोन्हीकडनं मिळालं."

मजुरी त्यांनी दिली, म्हणजे तो दिवस सावडीत धरला नाही. माझ्या घरचं माणूस आलंच नाही, असा त्याचा अर्थ.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आत्या अंथरुणात उठून बसल्या होत्या. ताप होता तरी आवाज खणखणीत होता. "सावडीला मजूर धाडलास? या घरात येऊन मला चाळीस वर्सं झाली, असं कुनी केलं न्हाई."

"मग काय करायचं होतं मी? परीक्षा सोडायची होती?"

"खरं सांगायचं हुतं. माझी मूठ वळत न्हाई हे सांगाया काय लाज वाटली?"

"मी माफी मागेन त्यांची."

"माग की. माफीनं कांदं लागत न्हाईत."

मी आत जाऊन दार लावून घेतलं. माझं चुकलं होतं आणि ते मला कुणाकडून ऐकायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी नमुने मी काढले, आकडे ताईनं चढवले. शेवटची गाडी गेली तशी तिनं हात धुतले.

"काल बाई पाठवलीस."

मी कारणं सांगायला लागले. तिनं मला बोलू दिलं, मग म्हणाली, "पैसे टाकून माणूस आणायचा तर तुझ्यासाठीही मिळत होता की. घोडेगावचा. मग मी कशाला सुट्टीचे रविवार इथं काढले? मला रविवार नको असतो का?"

"ताई, माझं चुकलं. मी स्वतः येते. या रविवारी वर्ग बुडवते, तुमच्या शेतात येते."

"लागवड संपली काल. आता येऊन काय करशील?" तिनं हात पुसले. "माझ्याकडून आता संपलं. शेवटच्या सहा महिन्यांचं तुझं तू बघ."

शेवटच्या सत्राची फी शनिवारपर्यंत भरायची होती. म्हणजे मी पुन्हा होते तिथंच येऊन बसले, फक्त मध्ये दीड वर्षाचे पैसे आणि आत्यांचे गुडघे खर्ची पडले होते. घोडेगावच्या माणसाला फोन केला, त्याचा दर वाढला होता. नवरा म्हणाला, कुणाकडून तरी उसने घेऊ. मी म्हणाले, कुणाकडून, ते सांग. गुरुवारी मी ठरवलं की सोडून द्यायचं. शुक्रवारी सकाळी ठरवलं की काहीही झालं तरी सोडायचं नाही. त्या दिवशी एका गाडीवाल्याशी इतकी भांडले की मॅनेजर बाहेर आले.

संध्याकाळी ताई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "मी पण नाव घालणार आहे," ती म्हणाली.

मला काही समजलं नाही.

"त्याच कोर्सला. या जूनमध्ये. पोरगं यंदा बारावी होतंय, मग माझ्यामागं कुणी नाही. तुझे राहिलेले रविवार मी काढते. पण कांद्याची सावड नको मला. त्यात तू दुसरं कुणीतरी पाठवशील. मला रविवाराला रविवार दे. दोन वर्षं. इथं उभं राहायला तूच लागशील, तुझी सासू चालणार नाही न् मजूरही."

दोन वर्षं. म्हणजे निकाल हातात घेऊन आणखी दोन वर्षं याच लॅबमध्ये. रांजणगावची जागा काही माझी वाट बघत बसणार नव्हती. मी नाही म्हणाले असते तर शिक्षण तिथंच थांबणार होतं. हो म्हणाले तर ज्यासाठी शिक्षण, ते जाणार होतं.

तिसरी वाटही होती आणि ती मला लगेच दिसली, हे लपवत नाही. आत्ता हो म्हणायचं, परीक्षा द्यायची आणि जुलैत निघून जायचं. लिहिलेलं काही नव्हतं. ताईनं माझं काय वाकडं केलं असतं?

"उद्या सांगते," मी म्हणाले.

शनिवारी दुपारी मी हो म्हणाले आणि तिच्यासमोर मोबाईलवरून फी भरली. हो म्हणताना मी खरं बोलत होते की खोटं, हे माझं मलाच माहीत नव्हतं. ताईनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच.

तिनं शेवटचे सगळे रविवार काढले, एकही चुकवला नाही. मेमध्ये माझी परीक्षा झाली. जूनमध्ये ताईनं प्रवेश घेतला. फीसाठी तिनं गोठ्यातली एक गाय विकली आणि त्या गोष्टीचा उच्चारही माझ्याजवळ केला नाही. मला तिच्या जावेकडून कळलं. निकाल लागला, मी पास झाले. आठ दिवसांत रांजणगावहून फोन आला. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून या, सोमवारपर्यंत कळवा.

त्या सोमवारच्या आदला रविवार ताईच्या पहिल्या वर्गाचा.

नवरा रोज विचारत होता. मी त्याच्यावर खेकसत होते. तो म्हणत होता, "तिला सांग ना सरळ, एवढी मोठी संधी आहे, समजून घेईल ती." ती समजून घेईल हे मलाही माहीत होतं. बोलणार नाही, गाय गेली हे सांगणार नाही, निमूट पुन्हा लॅबमध्ये उभी राहील. त्याचीच मला भीती वाटत होती. आत्यांना आता सगळं कळलं होतं. त्या या बाबतीत काही बोलत नव्हत्या, आणि आत्या बोलत नाहीत तेव्हा घरात बसवत नाही.

रविवारी सकाळी मी लॅबमध्ये एकटी होते. दूध यायला लागलं होतं. मनाशी म्हणत होते, आजचा रविवार काढू, संध्याकाळी ताईला सांगून टाकू. तेवढ्यात तिचा फोन आला. मागं पोरापोरींचा गलका ऐकू येत होता, आणि ताई दबक्या आवाजात बोलत होती. मी तिला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"अगं, इथं सगळी पोरं हायेत. माझ्या निम्म्या वयाची. एकानं मला विचारलं, मावशी, कुणाला सोडायला आलात का?"

"मग?"

"मला नाही वाटत जमंल. वीस वर्षं झाली पुस्तक हातात घेऊन. अजून नाव मागं घेतलं तर फी परत देतील म्हणत्यात. गेटवरच उभी आहे मी. पुढच्या एसटीनं माघारी येऊ का? खरं सांग."

समोर कॅन उघडा होता, नमुना काढायची पळी माझ्या हातात होती आणि गाडीवाला घाई करत होता. 'या' एवढं म्हणायचा अवकाश होता. तिचे पैसे तिला मिळाले असते, मी कुणाचा शब्द मोडला नसता, रांजणगाव माझं होतं. तिनं स्वतःच विचारलं होतं. जन्मात कुणी मला याबद्दल बोल लावला नसता, आत्यांनीही नाही.

"ताई, ऐका," मी म्हणाले. "गेटातून सरळ आत जा. डाव्या हाताला जिना आहे. दुसरा मजला, शेवटची खोली."

"अगं पण..."

"पहिल्या बाकावर बसा, मागून फळा दिसत नाही. आणि पहिल्या तासाला जे शिकवतील ते तुम्हाला येतंय. दर सोमवारी मला विचारून विचारून माझा जीव खाल्लाय तुम्ही त्याच्यावरून."

मला संताप अनावर झाला होता, तिचा, त्या कॉलेजचा, माझा स्वतःचा. ते तिला ऐकू गेलं असावं.

"तू रागावलीस व्हय?"

"हो," मी म्हणाले. "तुम्ही आधी वर्गात जाऊन बसा."